सिमेंटचा हंस

ऑर्लिन बाकेनला पुढून येणाऱ्या कशाचीच कधी भीती वाटली नाही. हरीण आडवं आलं, रस्त्यावर बर्फाचा थर बसला, एखाद्यानं कापणीचं यंत्र आणून अर्धा रस्ता अडवला, तरी तो निवांतपणे गाडी कडेला घ्यायचा. त्याची सगळी भीती पाठीमागे असायची, आणि तिचं कारण होतं दूध.

हयातभर त्यानं दुधाचा टँकर चालवला. आमच्या या विस्कॉन्सिनच्या खोऱ्यांत गोठे सगळे वर, डोंगरमाथ्यावर, आणि चीजचा कारखाना खाली, ओढ्याकाठी. म्हणजे भरलेली टाकी कायम उताराला आणि रिकामी चढाला. देवानं हे उलटं का केलं नाही, ते ऑर्लिनला अजून कळलेलं नाही. त्यातून दुधाच्या टाकीत आत आडवे पत्रे नसतात, कारण धुताना कोपऱ्यांत घाण राहते. त्यामुळे ब्रेक दाबला की ट्रक थांबतो, पण दूध थांबत नाही. ते क्षणभरानं मागून येतं आणि पाठीत धक्का देतं.

एकदा, बर्फ वितळायच्या दिवसांत, चर्चपासून खाली येणाऱ्या लीनच्या उताराखाली त्या धक्क्यानं त्याचा ट्रक 'थांबा' लिहिलेली पाटी ओलांडून थेट हमरस्त्याच्या पलीकडे नेऊन ठेवला. त्या वेळी हमरस्त्यावर कोणी नव्हतं, एवढंच. घरी येऊन तो जेवणाचा डबा मांडीवर ठेवून बसून राहिला.

"काय झालं?" त्याच्या बायकोनं, लाव्हॉननं विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला.

आमच्याकडे 'काही नाही' म्हणजे काहीही असू शकतं. पण त्या दिवसापासून ऑर्लिन मागे वळून बघायला लागला. दुकानात, दारात, रस्त्यात. चर्चमध्ये तो शेवटच्या बाकावर बसायचा, म्हणजे पाठीमागे भिंत. आम्ही नॉर्वेजियन लूथरन सगळेच शेवटच्या बाकासाठी धडपडतो, म्हणून त्यात कोणाला वावगं दिसलं नाही.

लाव्हॉन मात्र दुसऱ्याच मातीची. शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं दोन पिढ्या जेवू घातल्या. उकळत्या कढया, मुख्याध्यापक आणि पालक यांपैकी कोणालाही ती भ्यायची नाही. ऑर्लिननं टँकरची किल्ली परत केली त्या वसंतात तिनंच हट्टानं ती भली मोठी टूरिंग बाईक घ्यायला लावली. सोफ्यासारखी मागची सीट, पाठ टेकायला गादी, हेल्मेटमध्ये एकमेकांशी बोलायला माइक. लाव्हॉन मागे बसायची आणि मैलचे मैल गप्पा मारायची. ऑर्लिनला तिच्याशिवाय जगात दुसरं कोणी नव्हतं, आणि तीही पुन्हा पाठीमागेच बसली होती.

मग तिची मूत्रपिंडं थकली. रोज रात्री पलंगाशेजारचं यंत्र रक्त साफ करायला तिच्या पोटात औषधी पाणी सोडायचं आणि काढून घ्यायचं. त्या पाण्याच्या पिशव्यांची जड खोकी घरात आली आणि बाईक वर्षभर ताडपत्रीखाली गेली. जुलैत तब्येतीनं जरा उभारी धरली आणि डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं, तेव्हा लाव्हॉन म्हणाली, "सुपीरियर सरोवर. डुलुथच्या टेकडीवरून खाली उतरताना बघायचंय मला. बाईकवरून."

"कारनं जाऊ. खोकी मागे मावतील."

"कारमध्ये बसून वर्षभर मी हॉस्पिटलातच गेलेय, ऑर्लिन."

पूर्वी ते अशा गोष्टींना 'पुढच्या वर्षी' म्हणत. आता त्या घरात पुढच्या वर्षीचं नाव कोणी काढत नव्हतं. बरीचशी खोकी डुलुथला आधीच पोचवायची सोय झाली, पण यंत्र आणि वाटेतल्या मुक्कामापुरतं पाणी बरोबर न्यावंच लागणार होतं. ते बाईकच्या पेट्यांत मावणं शक्य नव्हतं. म्हणजे ट्रेलर आला. ट्रेलर म्हणजे पुन्हा पाठीमागे ओझं, आणि या वेळी ते ओझं आणि ऑर्लिन यांच्या मधोमध लाव्हॉन.

बाईकच्या पुस्तकात कंपनीनं स्वच्छ लिहिलं होतं, मागे काही ओढू नका. आमच्या बाईक क्लबातले निम्मे लोक ओढतात. ऑर्लिननं ते वाक्य इतक्यांदा वाचलं की ते पान आपोआप उघडायला लागलं. शेवटी क्लबातला त्याचा जुना मित्र हर्ब कोल्स्टाड, ज्याच्या वापरातला ट्रेलर त्यानं घेतला होता, स्वतःच पान्यांची पेटी घेऊन गॅरेजात आला.

ट्रेलर जोडायची हिच बसवायची म्हणजे बाईक आधी सोलावी लागते. मागच्या पेट्या काढल्या, चकचकीत पत्रे काढले, आणि खाली निघाला एक बारीक काळा सांगाडा. ऑर्लिन त्याच्याकडे बघतच राहिला.

"एवढ्याशावर बसते होय रे ती?" तो म्हणाला.

"मग काय चर्चच्या घंटेवर बसते?" हर्ब म्हणाला. "धर इकडे."

पोलादी चौकट सांगाड्याला दोन्ही अंगांनी लागली, तिला मागे निघालेला दांडा, दांड्यावर लोखंडी गोळा. ट्रेलरची वाटी त्या गोळ्यावर बसते. बाईक वळणावर कलते आणि ट्रेलर कलत नाही, म्हणून ट्रेलरच्या दांड्यात फिरता सांधा. आणि सगळं फसलंच, तर ट्रेलर धरून ठेवायला खाली फुली मारून लावलेल्या दोन साखळ्या. ऑर्लिननं एकेक नट आवळला, पुन्हा सैल केला, पुन्हा आवळला. मग आत जाऊन लाव्हॉनची लाल नेलपॉलिश घेऊन आला आणि प्रत्येक नटावरून चौकटीपर्यंत एक रेघ ओढली. रेघ तुटलेली दिसली की नट हलला म्हणायचं.

"अरे, तू हिच बसवतोयस की पूल बांधतोयस?" हर्ब म्हणाला. "आता हिला लिपस्टिकही लाव."

ऑर्लिन हसला, पण हात थांबले नाहीत. खरी भीती त्याला नटांची नव्हती, वजनाची होती. ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहावा हिस्सा, किंवा त्याहून थोडा जास्त, पुढे दांड्यावर यावा लागतो. त्याहून कमी आला तर शेपूट जड होतं. शेपूट जड झालं की ते हलायला लागतं, आणि एकदा हलायला लागलं की बाईकलाही हलवतं. त्यानं न्हाणीघरातला वजनकाटा आणून दांड्याखाली ठेवला. खोकी पुढेमागे सरकवली. काटा हव्या त्या ठिकाणी आला तेव्हा काट्याच्या काचेवरही लाल रेघ मारली, आणि ट्रेलरच्या तळावर चिकटपट्टीनं प्रत्येक खोक्याची जागा आखली.

पुढचे काही दिवस तो ट्रेलरमध्ये विहिरीचं जड पाणी मऊ करायला लागणाऱ्या मिठाची पोती भरून लीनचा उतार एकटाच वरखाली करत राहिला. लोक आपापल्या अंगणातून हात हलवत. मीठ कुठे चाललंय, असं कोणी विचारलं नाही. झोपेत मात्र त्याला तोच उतार दिसायचा, मागची सीट रिकामी असायची, आणि माइकमधून कोणीतरी हळू आवाजात बोलत असायचं.

"इतकी भीती वाटत असेल तर नको जायला," लाव्हॉन गॅरेजच्या दारात उभी राहून म्हणाली.

"भीती कसली? काही नाही."

"बरं," ती म्हणाली आणि नेलपॉलिशची बाटली उचलून आत गेली.

ऑगस्टातल्या एका रविवारी, चर्च सुटल्यावर तिथूनच निघायचं ठरलं. चर्च डोंगरमाथ्यावर आहे आणि त्याच्या फाटकापासूनच लीनचा उतार सुरू होतो. पास्टरबाईंनी प्रवासासाठी प्रार्थना केली, तळघरात कॉफी झाली, आणि लोक निरोप द्यायला अंगणात जमले. आमच्याकडे निरोप घेणं हे जेवणापेक्षा लांबतं, आणि कोणाला रिकाम्या हातानं जाऊ देणं पाप आहे. त्यातून ऑगस्ट. ऑगस्टात प्रत्येकाच्या परसात काकडीसारख्या दिसणाऱ्या झुकिन्या इतक्या लागतात की एरवी घरालाही कुलूप न लावणारी माणसं चर्चमध्ये येताना कारला कुलूप लावतात, नाहीतर परत येईपर्यंत सीटवर कोणीतरी झुकिन्या ठेवून गेलेलं असतं.

आणि लाव्हॉननं जाकीट काढायला ट्रेलरचं झाकण उघडलं.

झाकण मागून उघडत होतं. त्यामुळे जे आलं ते मागेच ठेवलं गेलं. झुकिन्यांची पिशवी. लोणच्याच्या बरण्या. कलिंगड. "अगं, इतकं कशाला," लाव्हॉन म्हणत होती, आणि ते म्हणेपर्यंत वस्तू आत जात होती. ऑर्लिन पाच पावलांवर उभा राहून पास्टरबाईंना हवामान सांगत होता. प्रत्येक वस्तूबरोबर त्याच्या पाठीत काहीतरी आवळत होतं. तो मनात वजनं मांडत होता आणि तोंडानं म्हणत होता, "हो, तिकडे धुकं असतं म्हणे."

मग शेजारची मार्लिस हॉगेन आली. तिनं हातगाडीवर सिमेंटचा हंस आणला होता.

असे हंस आमच्याकडे घरोघरी पायरीवर बसलेले असतात. बायका त्यांना ऋतूप्रमाणे कपडे शिवतात. मार्लिसकडे दोन होते. डुलुथला राहणाऱ्या तिच्या बहिणीचा हंस कोणीतरी पायरीवरून पळवला होता, आणि त्या दुःखातून ती बाई सावरली नव्हती. "तुम्ही त्याच बाजूला चाललात," मार्लिस म्हणाली, "म्हणून म्हटलं." हंसाच्या अंगात पिवळा रेनकोट होता.

बाईमाणूस जड वस्तू उचलतंय म्हटल्यावर हर्ब पुढे झाला. दोघांनी मिळून हंस उचलला आणि ट्रेलरच्या पार कडेला, कलिंगडाच्या मागे बसवला. ट्रेलरची स्प्रिंग कण्हली. हर्बनं ऑर्लिनकडे पाहिलं. ऑर्लिननं हर्बकडे पाहिलं. दोघांनाही सगळं कळत होतं.

"जड नाही ना होणार रे?" मार्लिसनं विचारलं.

तिनं स्वतःच सुटकेचं दार उघडून दिलं होतं. ऑर्लिनला फक्त 'होईल' म्हणायचं होतं. पण सगळं चर्च उभं होतं, मार्लिसच्या डोळ्यांत बहिणीची काळजी होती, आणि लाव्हॉन आजारी असताना याच मार्लिसनं दर मंगळवारी त्यांच्या दारात भांडं भरून जेवण ठेवलं होतं.

"छे गं," ऑर्लिन म्हणाला. "काय जड."

निदान हंस पुढे सरकवावा, तर तेही तिच्यादेखत म्हणजे तिनं चुकीच्या जागी ठेवला असं म्हणण्यासारखं. उताराखाली पुलाजवळ जागा आहे. तिथं थांबू, कोणाला दिसणार नाही, आणि सगळं नीट लावू. असं त्यानं स्वतःला सांगितलं. मधे अख्खा लीनचा उतार होता, हे तो जाणून होता. जन्मभर पाठीमागच्या ओझ्याला भ्यालेला माणूस, पण चारचौघांत नाही म्हणायच्या भीतीपुढे बाकीच्या सगळ्या भीत्यांनी हात टेकले.

पहिल्या वळणापर्यंत काही झालं नाही. ऑर्लिन खालच्या गिअरमध्ये, बेतानं उतरत होता. लाव्हॉन मागे बोलत होती, पास्टरबाईंच्या नव्या चष्म्याबद्दल. ऑर्लिन उत्तर देत नव्हता. नेहमी तो उतारावर पुटपुटायचा, "वळण आलं... इथं खडी आहे... आता जरा धरून बस." आज त्यानं ते टाळलं, कारण तोंड उघडलं तर हंसाचं नाव निघालं असतं.

दुसऱ्या वळणानंतर उतार एकदम तीव्र होतो. तिथं रस्त्याला डांबराचं ठिगळ आहे. ट्रेलरची चाकं त्यावरून उडाली, आणि मागून एक हलकासा ओढा आला. डावीकडे. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे, जरा मोठा.

"ऑर्लिन," लाव्हॉन म्हणाली, "शेपूट हलतंय."

त्याला ते कण्यात कळत होतं. हँडल हातातल्या हातात वळवळत होतं. आरशात ट्रेलर एकदा या बाजूला दिसायचा, एकदा त्या बाजूला. ब्रेक दाबावा असं त्याची बोटं ओरडून सांगत होती. ब्रेक दाबला असता तर मागचं सगळं ओझं पुढे धावून आलं असतं आणि बाईक आडवी झाली असती. उतार वेग वाढवत होता, वेगानं शेपटाचं हलणं वाढत होतं.

आणि खालून एक बग्गी येत होती. मोटारी न वापरणाऱ्या आमिश पंथाचं कुटुंब, प्रार्थनेहून परतणारं. काळा घोडा मान खाली घालून चढत होता आणि बापाच्या शेजारी पांढऱ्या टोप्या घातलेल्या मुली बसल्या होत्या. ट्रेलरचा प्रत्येक हेलकावा आता मधली पिवळी रेघ ओलांडून पलीकडे जात होता.

लाव्हॉनचे गुडघे त्याच्या कमरेला घट्ट आवळले गेले. आयुष्यात तिनं कधी त्याला असं धरलं नव्हतं.

दुधाशी भांडायचं नसतं. टँकरवर हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं, पाठीनं शिकवलं होतं. त्यानं हातांतली पकड सैल केली. अ‍ॅक्सिलरेटर अगदी केसाकेसानं सोडला. हँडल सरळ ठेवलं आणि ट्रेलरला जे काय नाचायचं ते नाचू दिलं. घोड्यानं मान वर केली. बापानं लगाम खेचून बग्गी गवतात घातली. हेलकावा पुन्हा एकदा रेघेपलीकडे गेला आणि बग्गीच्या चाकापासून हातभर अंतरावरून परत आला.

पुढे उजव्या हाताला, त्यांच्याच कडेला, टोर्गर्सनच्या गोठ्याची वाट होती. गोठा कधीच बंद पडला, पण वाट खडीची आणि चढाची. रोज पहाटे ऑर्लिननं टँकर त्या वाटेला घातला होता, धुक्यात, बर्फात, डोळे मिटूनसुद्धा. हेलकावा उजवीकडून परत मधे आला त्या क्षणाला त्यानं बाईक चढावर घेतली. खडी उडाली, मागून शेवटचा धक्का आला, दोन्ही साखळ्या खणखणल्या. मग चढानं ओझं मागे धरलं आणि बाईक रिकाम्या गोठ्यासमोर उभी राहिली.

मागे बग्गी पुन्हा रस्त्यावर आली आणि घोड्याच्या टापा हळूहळू वर गेल्या.

ऑर्लिन उतरला. तो मागे गेला, कुलूप काढून वाटी गोळ्यावरून सोडवली, आणि ट्रेलरचा दांडा एका बोटानं उचलला. एका बोटानं. पुढे दांड्यावर वजन उरलंच नव्हतं.

"मी पाहिलं होतं," तो म्हणाला. "तिनं हंस ठेवला तेव्हाच मला कळलं होतं. तरी मी छे म्हणालो. तुला मागे बसवून मी छे म्हणालो, लाव्हॉन."

लाव्हॉननं हेल्मेट काढलं. ऑर्लिनला वाटलं ती ओरडेल.

"मी धीट आहे असं वाटतं ना तुला?" ती म्हणाली. "अरे, मी कसली धीट. घाबरायचं काम तुझ्याकडे होतं. तू पुढे बसून पुटपुटायचास, इथं खडी, तिथं वळण, आणि मी मागे निवांत. गॅरेजात रेघा मारत बसलास तेव्हा मला किती झोप लागायची ठाऊक आहे? आज तू गप्प होतास. चर्चपासून गप्प. ट्रेलर हलायच्या आधीपासून मी घाबरलेय."

ऑर्लिननं तिचे हात आपल्या हातांत घेतले.

तेवढ्यात मार्लिसची कार उतारावरून आली, मंदावली आणि वाटेला वळली.

"काही अडचण?" तिनं काच खाली करून विचारलं.

लाव्हॉननं ऑर्लिनकडे पाहिलं आणि उत्तर त्याच्यावर सोडलं.

'काही नाही' त्याच्या जिभेवर आलं. त्यानं ते गिळलं. "मार्लिस," तो म्हणाला, "हंस जड आहे. मघाशी मी खोटं बोललो. त्याच्यापायी आता लाव्हॉन मेली असती. तो तू परत ने."

भर दुपारी, एवढ्या मोठ्या आवाजात, इतकं सरळ बोलणं आमच्या खोऱ्यात क्वचितच झालं असेल. मार्लिसचा चेहरा पांढरा पडला. ती उतरली, ट्रेलरपाशी गेली आणि रेनकोट घातलेल्या हंसाकडे बघत राहिली.

"मला वाटलंच होतं जड होईल," ती शेवटी म्हणाली. "म्हणून तर विचारलं. म्हटलं, तू नाही म्हणशील. मग बहिणीला सांगता येईल, की ते नाही म्हणाले." तिनं डोळे पुसले. "मलाही तिला नाही म्हणवेना रे."

तिघांनी मिळून हंस तिच्या कारमध्ये पुढच्या सीटवर बसवला आणि त्याला पट्टा लावला.

"आणि झुकिन्या?" मार्लिसनं विचारलं.

"त्याही ने," लाव्हॉन म्हणाली.

मार्लिस गेल्यावर ऑर्लिननं बरण्या आणि कलिंगड गोठ्याच्या पायरीवर मांडलं, हर्ब येऊन घेऊन जाईल म्हणून. खोकी आखलेल्या जागांवर आहेत की नाहीत ते एकेक करून पाहिलं. वजनकाटा त्यानं अर्थातच बरोबर घेतला होता. सपाट दगडावर ठेवून त्यानं दांडा त्यावर टेकवला. काटा लाल रेघेवर येऊन थांबला. मग त्यानं पाठीवर आडवं होऊन बाईकखालचा प्रत्येक नट पाहिला. एकही रेघ तुटली नव्हती.

"परत जाऊया घरी," तो खालूनच म्हणाला. "मला फार भीती वाटतेय."

"किती?"

"आपण पडू असं वाटतंय. तू मागे आहेस आणि मी मागे बघू शकत नाही, असं वाटतंय."

इतक्या वर्षांत हे त्यानं तिला पहिल्यांदाच सांगितलं. लाव्हॉननं त्याला हात देऊन उठवलं आणि त्याच्या पाठीची धूळ झटकली.

"मग आता हरकत नाही," ती म्हणाली. "चल."

वाटी गोळ्यावर बसली. साखळ्या फुली मारून लागल्या. लाव्हॉन मागे चढली, आणि बाईक खडीच्या वाटेवरून हळूच पुन्हा लीनच्या उतारावर आली.

"बोल," माइकमधून ती म्हणाली.

"उजवीकडे ओलं आहे," ऑर्लिन म्हणाला. "पुढे वळण. वळण मला आवडत नाही. आता मागून जरा ओढल्यासारखं वाटलं, पण तो वारा असेल. वारा असला तर बरं. धरून बस. घट्ट धर."

"धरलंय," ती म्हणाली. "तू बोलत राहा."

पुलापर्यंत तो बोलत राहिला, आणि पूल ओलांडल्यावरही थांबला नाही.